‘जादा’ गाड्या ‘एक्स्ट्रा’ कधी झाल्या?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या एकाच अंकात तीन मथळे वाचले. पहिल्या पानावर ‘कोकणासाठी यंदाही एक्स्ट्रा गाड्या’, आतल्या पानावर ‘एक्स्ट्रा शिक्षकांचे भवितव्य टांगणीला’ आणि क्रीडा पानावर ‘एक्स्ट्रा रन्सनी केला घात’. तिन्ही बातम्या नेटक्या होत्या, माहिती चोख होती, आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला लिहावेसे वाटले ते त्या तिन्हींत आलेल्या एका शब्दाबद्दल. मराठीत गाडी जादा सुटते, शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि धाव अवांतर मिळते. ज्या गाडीची माणसे पहाटेपासून वाट पाहतात ती, पटसंख्या घटल्यामुळे ज्याची नोकरी हिशेबाबाहेर गेली तो, आणि बॅटीला चेंडू न लागता संघाच्या खात्यात पडलेली ती, या तिघांना एकाच नावाने हाक मारली, तर वाचकाला मथळ्यातून जे कळायला हवे तेच कळत नाही.

मी २६ वर्षे फोर्टमधल्या एका वकिलांच्या कार्यालयात इंग्रजी कागदपत्रांचे मराठी भाषांतर करीत होते. भाडेकरार, नोटिसा, प्रतिज्ञापत्रे, गृहनिर्माण संस्थांचे ठराव असे कागद रोज हाताखालून जात, आणि ठरल्याहून किंवा गरजेहून जास्त असण्याची गोष्ट त्यांत निरनिराळ्या शब्दांनी सांगितलेली असे. ॲडिशनल, सरप्लस, एक्सेस, स्पेअर, सुपरफ्लुअस, सरचार्ज, आणि या सर्वांत साधा, बोलण्यातला म्हणावा असा एक्स्ट्रा. इंग्रजीत मसुदा करणारा चांगला वकील हे शब्द एकमेकांच्या जागी वापरीत नसे. आपल्या बातमीतल्या शिक्षकांना इंग्रजी वर्तमानपत्र ‘सरप्लस टीचर्स’ म्हणेल. त्यांना ‘एक्स्ट्रा टीचर्स’ म्हटले, तर शाळेला आणखी शिक्षक मिळाले असा अगदी उलटा अर्थ निघण्याची भीती आहे. म्हणजे आपण मराठीत जो ‘एक्स्ट्रा’ सर्रास वापरू लागलो आहोत, तो धड इंग्रजांचाही राहिलेला नाही.

मूळ लॅटिनमध्ये ‘एक्स्ट्रा’चा अर्थ ‘बाहेर’ किंवा ‘पलीकडे’ असा आहे. ‘जास्त’ हा अर्थ त्याला पुढे चिकटला. ‘एक्स्ट्राऑर्डिनरी’ म्हणजे नेहमीच्या क्रमाच्या बाहेरचे, आणि त्याच शब्दाचे शेपूट गळून इंग्रजीत सुटा ‘एक्स्ट्रा’ रूढ झाला असे मानले जाते. आपल्या आधीच्या भाषांतरकारांना हा ‘बाहेर’ बरोबर दिसला होता. राजपत्राच्या अंकावर त्यांनी ‘असाधारण’ छापले, अभ्यासक्रमाबाहेरच्या उपक्रमांना ‘अभ्यासेतर’ म्हटले, विवाहाबाहेरच्या संबंधांना ‘विवाहबाह्य’ म्हटले. यांपैकी एकाही ठिकाणी ‘जादा’ किंवा ‘अधिक’ घालण्याची चूक त्यांनी केली नाही. शब्दाचे मूळ पाहून, वाक्यात तो काय काम करतो हे पाहून आणि मगच मराठी शब्द निवडून हे काम झालेले आहे. आज हे सगळे शब्द तयार असताना आपण ते बाजूला का ठेवावेत, हे मला समजत नाही.

‘जादा’ या शब्दाशी माझे नाते जुने आहे. माझे वडील दर गणपतीला आम्हा भावंडांना घेऊन परळच्या एसटी आगारात पहाटे जाऊन बसत. आरक्षण नसे. ट्रंक, पिशव्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेले मखराचे सामान आणि पाण्याचा तांब्या सांभाळत आम्ही उभे असू. नेहमीची गाडी डोळ्यांदेखत भरून निघून जाई. मग केव्हातरी खाकी गणवेशातला माणूस येऊन सांगे, ‘‘जादा सुटतेय, अर्धा तास थांबा.’’ त्या एका वाक्याने रांगेतल्या सगळ्या माणसांचे खांदे सैल पडत. नेहमीच्या गाडीत ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी काढलेली गाडी, हा सगळा अर्थ त्या दोन अक्षरांत होता आणि आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांसाठी, सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेसाठी बेस्ट बसगाड्या सोडते, त्याही जादाच. एसटी आणि बेस्ट आपल्या फलकांवर हा शब्द टिकवून आहेत, तेव्हा त्याच गाड्यांची बातमी देताना वर्तमानपत्राने तो बदलण्याचे काही कारण दिसत नाही.

‘अतिरिक्त’ची गोष्ट वेगळी आहे, आणि ती जरा काळजीपूर्वक पाहण्यासारखी आहे. ‘रिच्’ म्हणजे रिकामे करणे, मागे टाकणे, या धातूपासून ‘रिक्त’ होतो आणि त्याला ‘अति’ लागून ‘अतिरिक्त’ होतो. गरज भागल्यावर जे मागे उरले ते अतिरिक्त. ‘अतिरेक’ आणि ‘व्यतिरिक्त’ याच कुळातले. महापालिकेत अतिरिक्त आयुक्त असतात. त्यांच्या दाराबाहेर माणसे ताटकळत बसतात, कारण ते मोठे अधिकारी आहेत. आणि संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शाळेतली पदे मंजूर होतात त्या हिशेबात, ज्याचे पद बसले नाही तो शिक्षकही अतिरिक्तच, पण त्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटताना हात थरथरतो. एकच शब्द एकाला मोठेपणा देतो आणि दुसऱ्याचा घास अडवतो. कदाचित म्हणूनच शासनाच्या परिभाषेत अधिकाऱ्यासाठी ‘अपर’ हा निराळा शब्द ठेवलेला आहे: अपर जिल्हाधिकारी, अपर मुख्य सचिव, अपर पोलीस आयुक्त. ‘अपर’ म्हणजे दुसरा, आणखी एक. हा शब्द बातम्यांत सतत ‘अप्पर’ असा छापला जातो, जणू तो इंग्रजी ‘अप्पर’ आहे आणि हे अधिकारी वरच्या मजल्यावर बसतात. काही सरकारी कार्यालयांच्या पाट्यांवरही मी हे रूप पाहिले आहे. दुसरा ‘प’ काढायला मुद्रितशोधकाला एक क्षण पुरेल. कृपया तो काढावा.

आता मी ज्यासाठी लेखणी हातात घेतली त्या प्रसंगाकडे येते.

आमची मुलुंड पूर्वेची इमारत जुनी आहे आणि तिच्या पुनर्विकासाची बोलणी दोन वर्षे चालू आहेत. गेल्या पावसाळ्यात विशेष सर्वसाधारण सभेपूर्वी सर्व सभासदांना आठ पानी प्रस्ताव वाटण्यात आला. तो मूळ इंग्रजीत होता आणि बरोबर मराठी गोषवारा होता. गोषवाऱ्याच्या दुसऱ्या पानावर लिहिले होते: ‘प्रत्येक सभासदास ६० चौरस फूट एक्स्ट्रा एरिया मिळेल.’ पाचव्या पानावर लिहिले होते: ‘सभासदांना एक्स्ट्रा एरियासाठी प्रचलित दराने रक्कम भरावी लागेल.’ माझ्या शेजारच्या काकू ऐंशीच्या घरातल्या आहेत. त्यांनी दुसरे पान वाचून मुलाला फोनवर सांगून टाकले होते की देवघराला आता वेगळी जागा होईल. सभेच्या आदल्या रात्री त्या पाचवे पान घेऊन माझ्याकडे आल्या. ‘‘अगं, एकदा म्हणतात मिळेल, एकदा म्हणतात पैसे भरा. मग मिळेल म्हणजे काय?’’

मूळ इंग्रजी मसुदा मी रात्री बसून वाचला. तिथे घोटाळा नव्हता. दुसऱ्या पानावरच्या क्षेत्रफळाला एक शब्द होता, पाचव्या पानावरच्याला दुसरा, आणि दोन्हींच्या व्याख्या सुरुवातीलाच दिलेल्या होत्या. आताच्या घरापेक्षा मोठे घर विनामूल्य देणे हे पहिले, आणि त्याहीपेक्षा मोठे घर कोणाला हवे असेल तर त्याने ते विकत घेणे हे दुसरे. गोषवारा करणाऱ्याने दोन्हींना ‘एक्स्ट्रा’ म्हटले होते. सभेत मी हे विचारले तेव्हा सल्लागारांच्या प्रतिनिधीने सांगितले, ‘‘मॅडम, एक्स्ट्रा म्हणजे एक्स्ट्रा, सगळ्यांना समजतं.’’ सभागृहात तेव्हा २६ सभासद होते. हात वर करायला सांगितल्यावर ११ जणांनी पाचव्या पानावरचे क्षेत्रफळही फुकट आहे असे समजल्याचे मान्य केले. त्या ११ जणांत एक निवृत्त बँक अधिकारी होते, एक शिक्षिका होत्या. अडाणी कोणी नव्हते. सभा तहकूब झाली. मी गोषवारा नव्याने करून दिला: पहिल्याला ‘वाढीव क्षेत्रफळ’ आणि दुसऱ्याला ‘विकतचे जादा क्षेत्रफळ’. एका शब्दाऐवजी दोन शब्द ठेवले, एवढेच काम होते. दोन सभासदांनी त्यानंतर आपला बँकेचा कर्जाचा अर्ज मागे घेतला, कारण त्यांचा सगळा हिशेब फुकटच्या जागेवर उभा होता.

मुंबईत आज अशा शेकडो इमारतींत असे गोषवारे वाटले जात आहेत. लोकांची आयुष्यभराची कमाई ज्या कागदावर ठरते त्यावर ‘वाढीव’, ‘जादा’, ‘मोफत’, ‘विकत’ हे शब्द स्वच्छ लिहिलेले असले पाहिजेत. वर्तमानपत्रातल्या पुनर्विकासाच्या बातम्या आणि लेख हेच अनेक सभासदांचे शिक्षण असते. तिथे ‘एक्स्ट्रा एरिया’ छापून आले, की कागद तयार करणाऱ्यालाही तसेच लिहिण्याची मुभा मिळते.

पैशाच्या व्यवहारात मराठीने हा भेद फार बारकाईने जपलेला आहे. मुंबईत रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत रिक्षा-टॅक्सीला २५ टक्के जादा भाडे द्यावे लागते. ते ठरलेले आहे, वाजवी आहे, आणि ते देताना कोणी कुरकुर करू नये. पावसात अडकलेल्या माणसाकडून मीटरच्या वर मागितलेले पैसे मात्र अवाजवी. थंड पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा पाच रुपये वर मागितले, तर ती लूट, कारण छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात आणि तीच कमाल किंमत असते. ‘एक्स्ट्रा लागतील’ असे म्हटले की वाजवी आणि अवाजवी दोन्ही एका तोंडाने बोलतात, आणि ऐकणाऱ्याला भांडावे की द्यावे हेच कळत नाही.

संपादक महोदय, ‘जास्त’ या कल्पनेबद्दल मराठी माणसाने किती वेगवेगळ्या प्रकारे विचार केला आहे, हे मी काम करताना हळूहळू शिकले, आणि त्याने मला अनेकदा आनंद दिला आहे. एकाला पाव मिळवला की सव्वा होतो आणि तो सव्वा आपण मानाचा केला. सत्यनारायणाला सव्वा रुपया, नैवेद्याला सव्वा मापाचा शिरा. १७७४ साली वडिलांच्या खुनानंतर जन्मलेल्या पेशव्याला थोरल्या माधवरावांच्या नावापुढे ‘सवाई’ लावून सवाई माधवराव म्हटले गेले, म्हणजे हा पहिल्याहून सव्वापट ठरो. रामभाऊ कुंदगोळकर रंगभूमीवर गाजले ते सवाई गंधर्व म्हणून. शेरास सव्वाशेर ही म्हणही तिथलीच. पण पाव आणखी पुढे सरकून तेच माप दीड झाले, की दीडशहाणा आणि दीडदमडीचा असे शब्द तयार होतात. सव्वापर्यंत गौरव आणि दीडपाशी निंदा! पाव मापाच्या अंतरात भाषेने एवढा निवाडा करून ठेवला आहे. लग्नाच्या पाकिटात आपण १०० घालत नाही, १०१ घालतो. त्या वरच्या एका रुपयाला कोणी ‘एक्स्ट्रा’ म्हटले, तर देणाऱ्याला वाईटच वाटेल.

तसाच अधिक महिना. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान पडते. ती तूट साठत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अख्खा महिना वाढवून हिशेब जुळवावा लागतो. २०२३ साली श्रावण अधिक होता, २०२६ साली ज्येष्ठ. (म्हणूनच २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आलेले गणपती २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला येतात, आणि जादा गाड्यांच्या तारखाही त्यांच्याबरोबर पुढे जातात.) हा महिना वरून आलेला, कोणत्याही सणाचा नसलेला, म्हणून कोणी त्याला मलमास म्हणून बाजूला ठेवले आणि कोणी पुरुषोत्तम मास म्हणून डोक्यावर घेतले. माझी आई धोंड्याच्या महिन्यात जावयांसाठी ३३ अनारसे करी आणि ‘अधिकस्य अधिकं फलम्’ म्हणे. आणि तिचीच आई, जिने कोकणात पोटाला चिमटे काढलेले होते, ती म्हणे, ‘दुष्काळात तेरावा महिना’. महिना तोच. ज्याच्या घरात अनारशांना तूप आहे त्याला तो पुण्याचा, आणि ज्याच्या कणगीत दाणा नाही त्याला तो आणखी तीस दिवसांच्या उपासाचा. एवढा मोठा अनुभव दोन पिढ्यांच्या बोलण्यात एका घरात मी ऐकला आहे.

‘फाजील’ हा शब्द मला विशेष आवडतो. अरबी-फारसीतून आलेल्या या शब्दाचा एक अर्थ ‘शिल्लक, उरलेला’ आणि दुसरा ‘विद्वान, गुणाने इतरांहून वरचढ’ असा आहे. उर्दूत आजही आलिम-फाजील म्हणतात ते आदराने. मराठीने त्यातला पहिला अर्थ उचलला आणि त्यावर आपली नापसंती चढवली. फाजील लाड, फाजील आत्मविश्वास, फाजील बडबड. ‘एक्स्ट्रा कॉन्फिडन्स’ म्हटले तर तो असावा की नसावा हे कळत नाही. ‘फाजील आत्मविश्वास’ म्हटले की त्या माणसाचे पुढे काय होणार याची चाहूल लागते. आपल्या क्रीडा वार्ताहरांनी तरी हा शब्द सोडू नये.

क्रीडा पानाचा विषय निघालाच आहे म्हणून ‘अवांतर’बद्दल लिहिते. वाइड, नो-बॉल, बाय आणि लेग-बाय यांतून मिळणारी धाव संघाच्या धावसंख्येत मिळते, फलंदाजाच्या नावावर लागत नाही. ऑस्ट्रेलियात यांना ‘संड्रीज’ म्हणजे किरकोळ असे म्हणतात; इंग्लंडात ‘एक्स्ट्राज’. मराठीत ज्याने कोणी प्रथम ‘अवांतर’ लिहिले असेल, त्याने ‘जादा धावा’ हा सोपा आणि चुकीचा शब्द टाळला. धाव जास्तीची नसते. सामन्याच्या निकालात तिचे वजन षटकारातल्या एका धावेइतकेच असते. ती फक्त बॅटीच्या हिशेबाबाहेरची असते. शाळेत बाई ‘अवांतर वाचन करा’ म्हणत, तेव्हाही त्यांना जास्त पाने वाचा असे म्हणायचे नसे, पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचा असे म्हणायचे असे. लॅटिन ‘एक्स्ट्रा’च्या मूळ अर्थापाशी ‘अवांतर’ जाऊन बसतो, आणि तरीही आपण तो काढून परत ‘एक्स्ट्रा’ छापतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

परीक्षेतली ‘पुरवणी’ही अशीच मागे पडत चालली आहे. आमच्या वेळी हात वर करून ‘सर, पुरवणी’ म्हणत, आता ‘एक्स्ट्रा शीट’ म्हणतात. पुरवणे म्हणजे पुरेसे करणे. पहिले कागद पुरले नाहीत म्हणून दिलेली ती पुरवणी. विधिमंडळातल्या पुरवणी मागण्या आणि आपल्या दैनिकाची रविवारची पुरवणी यांच्या कृपेने शब्द जिवंत आहे. स्वयंपाकघरात दूध उतू जाते, भाजीत मीठ पडते ते जास्त होते, पंगतीत वाढप्याला आपण ‘आणखी’ म्हणतो किंवा ‘पुरे’ म्हणतो. इंग्रजी ‘सुपरफ्लुअस’चा मूळ अर्थ ‘वरून वाहून जाणारे’ असा आहे. तो मला कळला तेव्हा प्रथम डोळ्यांसमोर उतू जाणारे दुधाचे भांडेच आले.

माझे म्हणणे परक्या शब्दांविरुद्ध आहे असे कृपया समजू नये. ‘जादा’ आणि ‘जास्त’ हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आले आणि आज त्यांच्यावाचून मराठी बोलता येणार नाही. किती मुरले पाहा: घरातला माणूस शस्त्रक्रियेला आत नेला, की बाहेर बसलेले लोक ‘काही कमीजास्त झालं तर’ एवढेच म्हणतात आणि मरणाचे नाव घेत नाहीत. निरोप घेताना ‘काही कमीजास्त बोललो असेन तर राग मानू नका’ म्हणतात. शब्द असा उपयोगात मुरला, की तो कुठून आला हे विचारण्यात अर्थ नसतो. ‘एक्स्ट्रा’लाही काही ठिकाणी त्याची हक्काची जागा आहे. हॉटेलात ‘एक एक्स्ट्रा पाव’ म्हटल्याने कोणाचे काही बिघडत नाही. सदऱ्याच्या मापाला ‘एक्स्ट्रा लार्ज’च म्हणावे लागते. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गर्दीत उभ्या राहणाऱ्या कलाकारांना ‘एक्स्ट्रा’ म्हणत. त्यांना स्वतःला ते खटकले, ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ हे नाव रूढ झाले, आणि ते योग्यच झाले. त्या माणसांना या शब्दातला ‘नसता तरी चालला असता’ हा अर्थ आपल्या अंगावर झेलावा लागला होता. आपल्या मथळ्यातल्या शिक्षकांनाही तो झेलावा लागला असेल. ‘अतिरिक्त’ हा निदान प्रशासनाचा शब्द आहे. पद जास्त ठरले असे तो सांगतो, माणूस जास्त ठरला असे सांगत नाही.

माझी विनंती मर्यादित आहे. गाड्यांसाठी, भाड्यासाठी आणि तासांसाठी ‘जादा’, पदांसाठी ‘अतिरिक्त’, अधिकाऱ्यांसाठी ‘अपर’, धावांसाठी ‘अवांतर’, आणि घरांच्या क्षेत्रफळासाठी ‘वाढीव’ की ‘विकतचे’ हे स्पष्ट, एवढे जरी आपल्या संपादकीय विभागाने ठरवून घेतले, तरी वाचकांची मोठी सोय होईल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आपण आठ रकानी छापली होती, ती मी कापून ठेवली आहे.

एका ठिकाणी मात्र मी बरेच दिवस अडले होते, तेही लिहिते. माझी नात बारावीला आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी एखादीबद्दल ‘ती फार एक्स्ट्रा आहे’ असे म्हणतात. दाखवेगिरी, नखरा, गरज नसताना केलेला गाजावाजा, असे काहीतरी त्यात आहे. पण त्यात थोडे कौतुकही असते, आणि ते सोडून चालत नाही असे तिने मला बजावले. मी तिला आगाऊ म्हणून पाहिले, नाटकी म्हणून पाहिले, अतिशहाणी म्हणून पाहिले. तिने प्रत्येक वेळी मान हलवली. परवा ती गॅलरीत उभी राहून फोनवर बोलत होती. पलीकडच्या मैत्रिणीने वाढदिवसासाठी काहीतरी मोठा बेत आखला असावा. नात हसत हसत तिला म्हणाली, ‘‘काय अति करतेयस गं!’’ मी आतून हाक मारून तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावले.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त भाषांतरकार,
मुलुंड (पूर्व), मुंबई